सगळं ऐकणारी पेशंट

खडकी, ३ ऑगस्ट २०२५

चि. केदार,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस, पण उत्तर देत नाहीस. म्हणून कागद. हिंजवडीतल्या तुझ्या त्या काचेच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा नवा पत्ता तू मला दिलेला नाहीस. रिसेप्शनवरच्या मुलीने फोडलं तर फोडू दे. तिलाही चार गोष्टी कळतील.

दुकान म्हटलं की तुला राग येतो. स्टुडिओ म्हणायचं. दीर्घायुष्याचा स्टुडिओ. माणसं तिथे काय करतात, तर बर्फाच्या टबात बसतात, दंडातून जीवनसत्त्वं चढवून घेतात आणि आपण किती झोपलो ते सकाळी बोटातल्या अंगठीला विचारतात. आपल्याला झोप लागली की नाही हे ज्यांना स्वतःला कळत नाही, त्यांच्या भरवशावर तिथल्या कंपन्या चालल्यात.

मार्चमध्ये उद्घाटनाला मी काय गुन्हा केला ते पुन्हा लिहिते, म्हणजे नोंद राहील. तुझा पार्टनर अभिनव एका यंत्रावर सगळ्यांचे हात ठेवून त्यांचं 'खरं वय' सांगत होता. मी हात ठेवला. एकोणपन्नास! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी सरबत पिऊन झाल्यावर मी पुन्हा हात ठेवला. सहासष्ट. मी एवढंच म्हणाले, की मी अजून तासभर थांबले तर मला इथून थेट वैकुंठात न्यावं लागेल. लोक हसले. त्यात माझा काय दोष? आणि वजनं उचलून लगेच बर्फात बसलं तर स्नायू वाढायचे ते कमी वाढतात, हेही मी बोलले. ते खोटं आहे का? तूच मला तो अभ्यास दाखवला होतास. व्यायामशास्त्रात एम.एस्सी. करताना पुरावा पुरावा म्हणून माझं डोकं खाल्लंस आणि शेवटी काढलंस काय, तर टब.

एवढ्यावरून पाच महिने अबोला. एवढ्यावरूनच.

मी ठीक आहे. क्लिनिक सुरू आहे. फॅक्टरीतून निवृत्त झालेले कंबरवाले येतात, त्यांच्या गुडघेवाल्या बायका येतात. एकतीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे, माणूस काही सुधारत नाही. टेकडी चढून येतात आणि उतरल्यावर मिसळ खातात. सकाळी दुधीचा रस पितात आणि त्याने सांध्यांना वंगण मिळतं असं मलाच ऐकवतात. मी हातात व्यायामाचा कागद देते, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. पुढच्या वेळी विचारलं की सगळे म्हणतात, "हो मॅडम, रोज करतो." कागद पर्समधून निघतो तो छापखान्यातून आल्यासारखा कोरा. एकतीस वर्षांत मला खरं बोलणारी, सांगितलेलं सगळं तंतोतंत करणारी एकच पेशंट मिळाली. ती अख्तरबानू. तुला आठवत असेल, बाजाराजवळ राहणारी, ब्लाउज शिवणारी. तुझ्या शाळेच्या गॅदरिंगचा कोट तिनेच शिवला होता.

बाकी तू काय खातोस, केव्हा झोपतोस, हे विचारत नाही. तुझी अंगठी जाणो.

आई


खडकी, १४ ऑगस्ट

केदार,

निळ्या खुणा तरी येत होत्या, कागदाला त्याही येत नाहीत. असो.

परवा अख्तरबानूच्या सुनेचा, मेहनाजचा, फोन आला. अख्तरबानू पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन आता महिना होत आला. मला आत्ता कळवतात. मेहनाज म्हणाली, "अम्मी बिछान्यातून उठतच नाहीत, मॅडम. तुम्ही एकदा येऊन जा ना."

मी तिला विचारलं, पडली कशी? काय उचलत होती? मेहनाज म्हणाली, काही नाही. स्वयंपाकघरात खुर्चीतून उठत होत्या, पाय लटपटला. मी मनात म्हटलं, हो, हो. काही नाही म्हणे. माझ्या समोर बसून नवरे शपथा घेतात की सिलिंडरला हात लावलेला नाही, आणि बायको मागून मान हलवत असते. अडुसष्ट वर्षांची बाई पातळ हाडांची, तिला मी कागदावर लिहून दिलं होतं: खाली बसू नका, वाकू नका, दोन किलोच्या वर काही उचलू नका. नक्की कुठली तरी पिंपं हलवायला गेली असणार. अख्तरबानूसुद्धा शेवटी इतरांसारखीच निघाली, याचं मला वाईट वाटलं.

अजून गेले नाही. माझी पाठ धरली आहे, शिवाय पाऊस. पुढच्या आठवड्यात बघू.

तुझ्या स्टुडिओचा एक व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. त्यात अभिनव म्हणतो, "वय हा फक्त आकडा आहे." त्याला खुब्याच्या वॉर्डात एक दिवस ड्यूटी लाव.

आई


खडकी, २४ ऑगस्ट

केदार,

काल गेले अख्तरबानूकडे. लिहावं की नाही ठरत नव्हतं. लिहिते.

खोलीत पलंगावर ती भिंतीकडे तोंड करून होती. मला बघून हसली आणि पहिलं वाक्य काय बोलली ऐक. "मॅडम, मी काही उचललं नव्हतं हां. तुमची कसम." मी काही विचारायच्या आधीच! आरोपीसारखी. मग उशाखालून तिने माझा कागद काढला. २०१० साली दिलेला. घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झालेले, ते तिने मागून ब्लाउजच्या अस्तराचं कापड लावून शिवले होते. शिवले होते, केदार! अक्षरं पुसली होती, तिथे बॉलपेनने पुन्हा गिरवलेली. "झोपून पाय उचलणे, दहा वेळा." पंधरा वर्षं, रोज, दोनदा. आणि 'उचलू नका'च्या खाली दोन रेघा.

मशीन लोखंडी म्हणून तिने ते टेबलावर चढवणं सोडलं. चढवायला रोज माणूस कुठून आणणार, म्हणून शिवणच सोडलं. पाण्याची कळशी सुनेकडे दिली. पीठ मळणंसुद्धा बंद, कारण ताट जड. तिच्या मांडीला हात लावला तर हातात नुसती कातडी आली. असले पाय खुर्चीतून उठताना लटपटतील नाहीतर काय?

टाच लाल झाली आहे, आता तिथे जखम होईल. छातीत कफ वाजतोय. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या या वयाच्या पाचातली एक तरी बाई वर्षात जाते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. मी तिला म्हटलं, "अख्तरबानू, आता उभं राहायला हवं. पायावर भार द्या." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिची परीक्षा घेते आहे. म्हणाली, "नको मॅडम. तुम्हीच बोलला होता ना, हाडावर वजन नको." आणि डोळे मिटले. मेहनाज म्हणाली, डॉक्टर ओरडले तरी हेच सांगतात, मॅडमनी मना केलंय.

मी परत आले. येताना रिक्षा मंडईकडे वळवली. तिथे कौशल्याबाई बसतात, भाजीवाल्या. त्यांनाही मी २०१२ साली हाच कागद दिला होता. सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. उकिडव्या बसून मेथीच्या जुड्या लावत होत्या, मला बघून हात न टेकता उठल्या आणि बटाट्याचं अर्धं पोतं माझ्यासाठी बाजूला सरकवलं. मी म्हटलं, मी नको सांगितलं होतं ना? तर म्हणाल्या, "तुमचं ऐकलं असतं तर नातवंडं कोण पोसणार हुतं, बाई? तो कागद चांगला हुता. त्यात मिरच्या बांधल्या."

एक कौशल्याबाई म्हणजे पुरावा नव्हे, हे मला तुझ्यापेक्षा आधी कळतं. म्हणून आज जुन्या फायली काढून बावीस बायकांना फोन केले. कागद कोरा ठेवणाऱ्या बहुतेक जणी धडधाकट आहेत, एक तर नर्मदा परिक्रमा करून आली. पण हाही पुरावा नव्हे. ज्या गेल्या त्या फोन उचलत नाहीत. फाईल मिटवली.

त्या वेळी पुस्तकात हेच होतं. मी मनाने काही सांगितलं नव्हतं. सगळे हेच सांगत होते.

आई


खडकी, ३१ ऑगस्ट

केदार,

तुझा मेसेज आला. 'सर्जनने पूर्ण भार टाकायला परवानगी दिली आहे का? डिस्चार्ज कार्ड वाच.' नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मी तुला असंच शिकवलं, पेशंटचं आधी आणि बाकीचं नंतर, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

मेहनाजकडून फोटो मागवला. लिहिलं आहे, पहिल्या दिवसापासून पूर्ण भार. म्हणजे सात आठवडे ती बाई फक्त माझ्या शब्दावर पडून आहे. कार्डावर काहीही लिहिलेलं असलं, सर्जन ओरडला, तिचा मुलगा रडला, तरी ती उठणार नाही. मी जाऊन सांगितलं पाहिजे. 'आता चालेल' असं सांगून भागत नाही, ते मी पाहिलं. तिला वाटतं मी दया म्हणून बोलते आहे. मी चुकले होते, असं म्हणावं लागेल. ते मला जमत नाही. रोज निघते आणि गणपतीमुळे रस्ते बंद आहेत असं स्वतःला सांगते. खडकीतून खडकीत जायला कुठला रस्ता बंद आहे?

आता दुसरं. मागच्या पत्रात मी लिहिलं, त्या वेळी पुस्तकात हेच होतं. २०१० साली होतं. पुढचं लिहिलं नाही.

२०१९ मध्ये तू मला एक अभ्यास छापून दिला होतास. पातळ हाडांच्या, पाळी गेलेल्या बायका. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, शिकवणारा समोर उभा, आणि खरोखर जड वजनं. त्यांची हाडं सुधारली आणि मोडली नाहीत. तू हिरव्या पेनने रेघा मारल्या होत्यास. मी तो तुझ्यासमोर फ्रीजवर टाकला आणि म्हटलं, या परदेशी बायका दूध-मांस खाऊन पोसलेल्या, आमच्या बायकांना हे सांगून माझ्या क्लिनिकवर मोर्चा आणायचाय का.

तो मी त्याच आठवड्यात वाचला होता. दोनदा. पटला होता.

तरीही कागद तोच देत राहिले. आधी म्हटलं, पाचशे छापलेत, ते संपू देत. मग म्हटलं, कुणाची पाठ धरली तर बोल मला लागेल. न उचलून कुणाचं हाड मोडलं तर बोल वयाला लागतो. हे गणित मी केलं. मी, जिने अख्ख्या पुण्याला खोटारडं म्हणण्यात हयात घालवली.

आणि उद्घाटनाला तू रागाच्या भरात मला काय म्हणालास, ते मी पहिल्या पत्रात गाळलं. तू म्हणालास, "बर्फाने निदान कुणाची हाडं ठिसूळ होत नाहीत, आई. तू तीस वर्षं बायकांना घाबरवलंस." अबोला तू धरलास असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी माझी पर्स उचलून तुझ्याशी न बोलता निघाले ती मी. तू गेटपर्यंत मागे आला होतास.

अजून एक आहे, ते लिहून टाकते, नाहीतर राहील. २०२२ मध्ये अख्तरबानू आली होती. दुखत काही नव्हतं. नातू झाला होता, फैज. तिने विचारलं, "मॅडम, आठ किलोचा आहे. घेऊ का कडेवर?" तुझा अभ्यास वाचून मला तीन वर्षं झाली होती. मी मान वर न करता म्हटलं, "बसल्यावर कुणाला तरी मांडीत द्यायला सांगा. उचलायचं नाही." ती "बरं" म्हणाली आणि गेली. तिने त्याला एकदाही उचललेलं नाही, केदार. मेहनाजने सांगितलं. पोरगं हात वर करायचं आणि ही दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायची.

मला माझी किळस येते आहे. तुझ्या त्या अभिनवची येते त्याहून जास्त.

आई


खडकी, ९ सप्टेंबर

केदार,

शनिवारी गेले. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझ्या बाजूने काही न घालता.

मेहनाज दारात उभी होती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हटलं, "अख्तरबानू, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"काय चुकीचं?"

"उचलू नका म्हणाले ते. वाकू नका म्हणाले ते. नीट शिकून, हळूहळू वाढवत उचलायला हवं होतं. तुमचे पाय त्यानेच गेले. न उचलल्याने."

तिने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "असं होय. आता नवीन काही निघालं असेल ना, मॅडम? डॉक्टरी बदलत असते."

बघ, बाईने माझी सुटका स्वतःच्या हाताने करून दिली. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ती उठली असती, मला दुवा दिला असता, मेहनाजने चहा केला असता. मी तोंड उघडलंही होतं.

म्हटलं, "नाही. सहा वर्षांपूर्वीच वाचलं होतं मी."

तिने हिशेब केला. मला तिच्या चेहऱ्यावर तो दिसला.

"मग फैजच्या वेळी?"

"माहीत होतं."

ती ओरडली नाही. उशाखाली हात घातला, मला वाटलं कागद काढून तोंडावर फेकेल. रुमाल काढला, तोंड पुसलं आणि सुनेला म्हणाली, "मेहनाज, मॅडमना रिक्षा करून दे." मी अजून काहीतरी बोलायला लागले, टाचेबद्दल, कफाबद्दल. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. एकतीस वर्षांत मला कुणी असं बाहेर काढलं नव्हतं. रिक्षात मला धड पत्ता सांगता आला नाही.

रविवार गेला. मला खात्री होती की मी तिला मारलं. खरं बोलून आपलं मन हलकं केलं, आणि ती आता कुणाच्याच शब्दावर उठणार नाही. सोमवारी क्लिनिक उघडलंच नाही.

आज सकाळी मेहनाजचा फोन. "मॅडम, अम्मी उठल्या."

मला खरं वाटेना. ती म्हणाली, पहाटे नमाज झाल्यावर त्यांनी मला हाक मारली, म्हणाल्या, कोपऱ्यातला वॉकर आण. मी म्हटलं मॅडमना बोलावू का, तर वॉकर माझ्या हातातून ओढून घेतला. आधी वॉकर, मग खिडकीचे गज धरून उभ्या राहिल्या. दोन मिनिटं. घामाने भिजल्या. दुपारी परत उभं राहणार म्हणतात.

"काही बोलल्या का?"

"जाऊ द्या ना, मॅडम." "सांग," मी म्हटलं.

"शिव्या देत होत्या, मॅडम. तुम्हाला. मी अम्मींच्या तोंडून असल्या कधी ऐकल्या नव्हत्या. म्हणाल्या, त्या बाईचं ऐकून पंधरा वर्षं गेली, आता एक दिवस ऐकणार नाही. आणि मग विचारलं, फैजचं वजन किती आहे."

चौदा किलो आहे. मेहनाजने अंगणवाडीच्या कार्डावर बघून सांगितलं.

मी फोन ठेवून रडले. सुखाने म्हणावं तर तसं नाही, आणि दुःखाने म्हणावं तर ती उभी राहिली होती. मला लाज वाटली, एवढं नक्की.

आता तुझं काम. ती नुसती हट्टाने उभी आहे, हट्ट आठवडाभर पुरतो. शून्यापासून चौदा किलोपर्यंत तिला नीट नेणारा माणूस हवा. आधी खुर्चीतून उठणं-बसणं, मग रिकामी पिशवी, मग एक किलो तांदूळ, मग दोन. कंबर न वाकवता जमिनीवरून वस्तू कशी उचलायची ते. सर्जनशी बोलून, आठवड्यातून दोनदा, समोर उभं राहून. जेवणात डाळ-अंडी वाढवायला मेहनाजला सांग, अख्तरबानू स्वतःच्या ताटातलं मुलांना वाढते. मी करू शकले असते. पण मला ती उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि तिने घेऊही नये. माझं न ऐकण्यावरच ती उभी आहे. मी गेले तर पुन्हा "हो मॅडम" म्हणून आडवी होईल.

तू जा. पत्ता मागे लिहिला आहे. अभिनवला नेऊ नकोस, अंगठी काढून ठेव. मुलाचं वजन वाढतंच आहे, तेव्हा फार दिवस लावू नकोस.

ती विचारेल, तू कोण, कुणी पाठवलं. खोटं बोलू नकोस, आमच्या घरात ते पुष्कळ झालं. सांग, मी त्याच मॅडमचा मुलगा, आणि मी त्यांच्याशी सहा महिने बोलत नाही.

लगेच आत घेईल तुला.

आई